कोल्डात कोण जाणार

कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की इथलं एकच भांडण खरं आहे, बाकीची सगळी वेळ घालवायला. ते खरं भांडण म्हणजे, आज कोल्डात कोण जाणार?

आमचा कारखाना मासळीचा. उरणकडे बंदराच्या रस्त्याला कंटेनरच्या गाड्यांची रांग संपली की आत एक वाट वळते, तिच्या टोकाला. कोळंबी येते, माकूल येते, बायका ती सोलतात, धुतात, ट्रेमध्ये लावतात. मग ती गोठवून खोक्यांत भरतात. ही खोकी जिथं रचतात ती मोठी थंड खोली म्हणजे कोल्ड. तिथं रोज दोघींना आतबाहेर करत खोकी रचावी लागतात. अंगावर जाडजूड जाकीट, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि तरी बाहेर आलेल्या बाईच्या पापण्या पांढऱ्या दिसतात. सोलायच्या टेबलावर निदान बडबड करता येते. सुनेपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. कोल्डात तोंड उघडलं तर दात शिवशिवतात.

मी मूळची माणगावची, लग्न होऊन इकडे आले. वडील शाळामास्तर, घर बौद्धांचं, त्यामुळे समता हा शब्द आमच्याकडे जेवायला बसलं तरी ऐकू यायचा. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. दिसेल तिथं विचारायचं, हे असंच का? त्याला का दिलं, हिला का नाही? रेशनच्या रांगेत विचारते, लग्नाच्या पंगतीत विचारते. नवरा म्हणतो, तू न्यायाधीश व्हायचीस ती चुकून कोळंबीत आलीस. म्हणू दे. मला गप्प बसवत नाही, त्याला मी काय करू?

माझ्याआधी जो सुपरवायझर होता त्याचा न्याय सरळ होता. ज्या बाईवर खप्पा मर्जी, ती कोल्डात. उलट बोलली, कोल्डात. त्याच्या विनोदाला हसली नाही, कोल्डात. त्याच्या पुढंपुढं करणारी एकही बाई कधी आत गेली नाही. तो गेला, आणि थोड्याच दिवसांनी नवे मॅनेजर आले. तरुण, पुण्याकडचे, शिकलेले, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी आल्या आल्या कोल्डाचं चक्र लावलं. प्रत्येक बाईच्या जाकिटावर पाठीमागं नंबर असतो. रोज ओळीनं पुढचे दोन नंबर आत. कोणी सुटायचं नाही, कोणाचा दोनदा लागायचा नाही. मी कोणाला ओळखतच नाही, तर मी कोणावर अन्याय कसा करणार, असं ते मला हसून म्हणाले होते. मला ते फार पटलं. मी घरी जाऊन नवऱ्यालाही ऐकवलं.

आणि खरंच, पुढे काही महिने कारखान्यात अशी शांतता, की मलाच करमेना. बायका खूष होत्या. मला मात्र आत कुठेतरी टोचत होतं, की न्याय इतका सोपा असतो? मग इतकी वर्षं लोक डोकी कशाला फोडत होते?

मग मला ते जाकीट दिसलं.

ते जाकीट होतं मावशीचं. मावशी आमच्या टेबलावरची सगळ्यांत वयस्क. घर मिठागरवाल्यांचं, तरुणपण खाजणात मीठ ओढण्यात गेलेलं. आता तिथं भराव टाकून कंटेनर रचतात, म्हणून ती कोळंबीकडे वळली. नवरा बरीच वर्षं खाटेवर, कमावणारी ती एकटी. सगळ्या तिला मावशीच म्हणायच्या, मीपण. मावशीची चाल मला चांगली ठाऊक होती. गुडघे दुखतात म्हणून ती किंचित डुलत, सावकाश चालते. तर एके दिवशी मावशीचा नंबर पाठीवर घेतलेलं जाकीट कोल्डाकडे निघालं, ते ढांगा टाकत! मी म्हटलं, अगंबाई, मावशीला झालं काय? गुडघे नवे बसवले की काय? पुढच्या खेपेला तेच जाकीट गेलं ते बुटकं होऊन, बाह्या लोंबत होत्या. म्हणजे जाकीट एक आणि आतली बाई दर वेळी वेगळी.

मला काय, आयतंच मिळालं. तिसऱ्या खेपेला मी कोल्डाच्या दारातच जाऊन उभी राहिले. जाकीट बाहेर आलं, तोंडावरचं फडकं मी स्वतःच्या हातानं खाली ओढलं. आत आमची उंच कोळीण. कारखान्यातला सगळ्यांत मोठा आवाज तिचा, पण त्या वेळी तिनं फडकं परत वर ओढलं. आणि मावशी? मावशी तिकडे दुसरीच्या टोपीत, मान खाली घालून कोळंबी सोलत बसलेली.

माझा पारा चढला. जेवणाच्या सुट्टीत कपडे बदलायच्या खोलीत मी सगळ्यांना गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुम्हाला एवढं सरळ चक्र लावून दिलं, कोणावर अन्याय नाही, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकता? उंच कोळणीनं मावशीचा हात धरला आणि माझ्यासमोर आणला.

मावशीची बोटं पेरांपर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. त्या दिवशी ती कोल्डात गेली नव्हती, नुसत्या बर्फाच्या पाण्यात हात होते, तरी एवढी. कोल्डात गेलं की पार बधिर व्हायची. मागे एकदा तिचा नंबर लागला तेव्हा ती कोल्डातून बाहेर येऊन सुरी चालवायला बसली, बोटाला लागलं, रक्त ट्रेमध्ये उतरलं आणि तिला कळलंच नाही, शेजारणीनं ओरडून सांगितलं. डॉक्टरनं बजावलं होतं, थंडीत जायचं नाही. पण आमच्याकडच्या बायका ठेकेदारानं लावलेल्या. सगळी कामं जमतील तिनं यायचं, नाही जमत तिनं घरी बसायचं, हे त्याचं बोलणं प्रत्येकीनं ऐकलेलं. मावशी बोलली असती तर तिचं काम गेलं असतं. म्हणून बाकीच्या तिचा नंबर आपल्या अंगावर घेत होत्या.

माझा राग तिथंच उतरला. खोटं कशाला बोलू, त्याच्या जागी नुसतं कुतूहल भरून आलं. मी विचारलं, मग तिच्याऐवजी कोण जाणार हे ठरवता कसं?

त्यांनी मला दाखवलंच. बाकावर सगळ्यांचे डबे ओळीनं मांडायचे, त्यांत मधेच कुठेतरी मावशीचं जाकीट. एकीनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसरीनं, बहुतेक उंच कोळणीनंच, मनाला येईल त्या वस्तूवर हात ठेवायचा आणि विचारायचं, "हा कोनाचा?" भिंतीकडे तोंड केलेलीनं एकेकीचं नाव घ्यायचं. हात जाकिटावर असताना जिचं नाव आलं, ती कोल्डात. बोट दाखवणारी नाव घेत नाही आणि नाव घेणारीला काही दिसत नाही, मग भांडायचं कोणाशी? बोटीवरून आलेल्या मासळीचे वाळूत वाटे घालतात ते असेच, उंच कोळीण म्हणाली. मला ती रीत अनोळखी नव्हती. आमच्याकडे शिमग्याला बकऱ्याचे वाटे असेच वाटायचे.

मी विचारलं, पण मावशीचं नाव कोणी का घेत नाही? तर ती सहज म्हणाली, ज्या घरातला गडी आजारी, दर्यावर येऊ शकत नाही, त्याचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवायचा असतो, तो हाकेत धरायचा नसतो.

"बाजूला काढून" हे ऐकलं आणि मला एकदम झोंबलं. आजोबांच्या काळात आमच्या गावात शिमग्याच्या बकऱ्याचा आमच्या वस्तीचा वाटाही बाजूलाच काढायचे. लांब, पालापाचोळ्यावर. सगळ्या गावाची नावं पुकारून व्हायची, आमचं नाव कोणी घ्यायचं नाही. ज्यानं त्यानं समजून उचलायचं. आजोबांनी पुढे तो वाटा घेणंच सोडलं. आमच्या घरात बाजूला काढलेलं म्हणजे अपमान, दुसरा अर्थच नाही. मी हे सगळं तिथंच, जेवणाच्या सुट्टीत, फाडफाड बोलून टाकलं. म्हटलं, मावशीला तुम्ही हाकेतून काढलंत, तिला कसं वाटत असेल याचा विचार केलात?

मग मावशीच बोलली. ती फार बोलत नाही, आणि बोलते ते माझ्याकडे न बघता. म्हणाली, "मना विचारलं त्यांनी. मी व्हय बोलली, मंग काढलं."

मी पुढे कितीतरी दिवस हे वाक्य चघळत होते. गोष्ट तीच, वाटा बाजूला. एकीकडे माणूस त्यानं दुखावला आणि एकीकडे टिकला. मधे फरक किती, तर विचारलं एवढाच. वडील असते तर त्यांच्याशी यावर रात्र जागवली असती.

मी मॅनेजरना काही सांगितलं नाही. पण अशी गोष्ट किती दिवस झाकून राहणार? एकदा त्यांनी स्वतःच काचेतून पाहिलं, एकाच नंबराचं जाकीट मागच्या खेपेला उंच बाईच्या अंगावर, या खेपेला बुटकीच्या. मला बोलावलं. मी मावशीच्या हाताचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चेहराही पडला त्यांचा, माणूस वाईट नव्हता. पण म्हणाले, एकीला सोडलं तर उद्या दहाजणी येतील, मग आधीच्या सुपरवायझरमध्ये आणि माझ्यात फरक काय? मी म्हटलं, साहेब, पाचही बोटं सारखी नसतात, आणि हिची तर बिचारीची पाचही गेलेली आहेत. ते म्हणाले, म्हणूनच तर नियम लागतो. ठेकेदाराशी बोलावं लागेल म्हणून त्यांनी माझ्याकडून मावशीचं पूर्ण नाव विचारून घेतलं. ते मी सांगितलं.

पण ठेकेदाराला त्यांनी काही कळवलं नाही. विचार करत राहिले, आणि मग एक दिवस मला आनंदानं म्हणाले, मार्ग सापडला. मावशीला कोल्डातून कायमची सूट. बाकीचं चक्र आहे तसं चालू. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं! मी जवळजवळ धावतच टेबलाकडे गेले आणि सांगून टाकलं.

एकही बाई हसली नाही. सुऱ्या थांबल्या. उंच कोळणीनं हात पुसले आणि म्हणाली, हे आमाला नको. मला कळेना, हिचं डोकं फिरलं की माझं. जे तुम्ही चोरून करत होतात तेच साहेब उघड करून देतायत, मग नको काय? तर ती म्हणाली, "आमी देत होतो तवा ते आमचं होतं. आता देनार साहेब, आनि गारठनार आमी."

मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं तिच्या डोळ्यांत पाणी असेल, सुटली बिचारी. पण तिनं मान वर केलीच नाही. नंतर मला एकटीला गाठून म्हणाली, की सूटवाली म्हणून टेबलाला बसण्यापेक्षा मी कोल्डात जाईन, काय व्हायचं ते होऊ दे बोटांचं. आणि दुसरीही एक भीती बायकांच्या पोटात होती, ती त्यांनी मागून सांगितली. सूट वरून यायला लागली, की पुढच्या साहेबाच्या लाडकीला पण वरूनच येणार. ते दार त्यांनी एकदा बघितलं होतं.

मी हे सगळं मॅनेजरना जाऊन सांगितलं. मला वाटलं, आता हे चिडतील. चिडले नाहीत, चक्रावले. पुन्हा पुन्हा विचारत राहिले, पण त्या तर तेच करत होत्या ना? मग मी त्यांना वाट्यांची रीत समजावली, बाजूला काढण्याचं सांगितलं, मावशीला विचारलं होतं तेही सांगितलं. त्यांनी शंका काढली, की बायकांच्या हाती दिलं तर जिचा आवाज मोठा ती गरीब बिचारीला आत ढकलणार नाही कशावरून? शंका बरोबर होती. ती मी परत बायकांपर्यंत नेली, दोन्हीकडचा निरोप्या झाले होते मी. उंच कोळीण म्हणाली, मग साहेबांनाच सांगा, तुमीच या आणि भिंतीकडं तोंड करा. साहेब कोनाला वळखत नाय, त्यांच्यावर कोन बोट दाखवनार?

ते ऐकून मॅनेजर खूष झाले. त्यांच्या मनातलंच होतं. म्हणाले, येतो. हे माझ्या डोळ्यांसमोर सरळ पार पडलं तर कोण जाणार ते यापुढे त्यांचं त्यांनी ठरवावं, मावशी हाकेबाहेर. नाही पार पडलं, तर चक्र सगळ्यांना सारखं, मावशीसकट, आणि जिला जमणार नाही तिचं ठेकेदार बघेल. असा करार ठरला. मावशीला मी सांगितलं तेव्हा ती फक्त बरं म्हणाली आणि सुरी धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत ते आले. बायका आधीच जमल्या होत्या. बाकावर डबे मांडले होते, मधे मावशीचं जाकीट. मावशी कोपऱ्यात उलट्या क्रेटवर बसली होती, हात पदराखाली. मॅनेजर जरा लाजतच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. उंच कोळणीनं एका डब्यावर हात ठेवला.

"हा कोनाचा?"

साहेबांनी एक नाव घेतलं. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. क्षणभर कोणालाच कळेना, ही कोण? मग एकेक मान कोपऱ्याकडे वळली. ते मावशीचं नाव होतं.

"तिचं नाव यात नाय, साहेब," उंच कोळीण म्हणाली. "दुसरं घ्या."

मला वाटलं, आठवतायत. कोळणीचा हात डब्यावर तसाच होता. त्यांनी मान थोडी हलवली, परत सरळ केली. कोणीतरी खोकलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसानं इतके महिने आम्हाला नंबरांनी चालवलं होतं, आणि अगदी निष्ठेनं चालवलं होतं. नाव त्यानं एकदाच विचारलं, तेही काढून टाकायचं होतं म्हणून. आणि हे पार पडलं नाही तर मावशीचं काय होणार हे ठरलेलं होतं. मी नावं सांगायला तोंड उघडलं, तर उंच कोळणीनं दुसऱ्या हातानं माझं मनगट दाबून धरलं.

शेवटी साहेब भिंतीलाच म्हणाले, "मला दुसरं नाव माहीत नाही."

खोलीत कोणी हसलं नाही. त्यांचे कान लाल झालेले मागून दिसत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही, पण त्याहून जास्त वाटलं, आता हा माणूस वळणार कसा.

ते वळायच्या आधी मावशी बोलायला लागली. क्रेटवरून उठली नाही. तिनं पहिल्या बाईचं नाव सांगितलं. ती बाई म्हणाली, हाय. साहेबांनी ते नाव भिंतीकडे बघतच म्हटलं. मावशीनं दुसरं सांगितलं. दुसरी म्हणाली, हाय. साहेबांनी तेही म्हटलं. एक चुकीचं म्हणाले, तर मावशीनं ते पुन्हा सांगितलं, न चिडता. अशी ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. उंच कोळणीचं नाव आलं तेव्हा तिनं एवढ्या मोठ्यानं हाय म्हटलं की साहेब दचकले. शेवटी मावशीनं माझंही नाव घेतलं. मी कधी कोल्डात गेले नव्हते, माझा नंबरच नव्हता. मी म्हटलं, हाय.

मग मावशीनं साहेबांच्या पाठीकडे बघितलं.

"आनि तुमचं नाव काय, साहेब?"

त्यांनी सांगितलं. मावशीनं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

"हां," ती म्हणाली. "आता घ्या नाव."

उंच कोळणीनं माझं मनगट सोडलं आणि डब्यावरचा हात उचलून जाकिटावर ठेवला.